अकरा मीटर कॉफी

मोजणीदारांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण मोजणी काही निवृत्त झाली नव्हती. दिवाणखान्याची लांबी, ओट्याची उंची, शेजाऱ्याच्या कुंपणाचा आपल्या बाजूला आलेला कल, हे सगळं त्यांना सेंटिमीटरपर्यंत तोंडपाठ होतं. नकाशा कचेरीत सदतीस वर्षं सर्वेक्षक म्हणून काढली, डोंगर मोजले, नद्या मोजल्या, आणि शेवटी दोन खोल्या आणि एक गॅलरी एवढ्याच मुलखावर येऊन थांबले. आळीतले लोक त्यांना मोजणीदार म्हणायचे. बायको रागावली की म्हणायची, "अहो मोजणीदार." ती रोजच थोडी थोडी रागावलेली असायची, त्यामुळे घरातही तेच नाव पडलं.

जवळजवळ रोज सकाळी सात वाजता मोजणीदार कॉफी करायला बसत. करायला उभे राहत नसत, बसत. समोर टेबलावर वजनकाटा, थर्मामीटर, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि एक वही. वहीत रकाने आखलेले: प्रयोग क्रमांक, तारीख, पूड, पाणी, तापमान, थांबण्याचा वेळ, आणि शेवटी शेरा. ज्या गुरुवारची ही गोष्ट आहे त्या दिवशी प्रयोग क्रमांक दोन हजार नऊशे चौदा झाला. मोजणीदारांनी घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "नाही."

आधीचे दोन हजार नऊशे तेरा शेरेही हेच होते. एका ठिकाणी "बरी" असं लिहून खोडलं होतं. त्या दिवशी त्यांना सर्दी होती.

"अहो, कॉफी पिताय का पंचनामा करताय?" बायकोने विचारलं. ती स्वतः चहा प्यायची. प्रयोग क्रमांक चारपासून.

"तुला नाही कळायचं. ती कॉफी तू प्यायलीच नाहीस."

"नशीब माझं. एक कप प्यायले असते तर घरात दोन वेडे झाले असते."

'ती कॉफी' म्हणजे किटलीच्या हातची कॉफी. किटली हे माणसाचं नाव होतं. म्हणजे आईवडिलांनी दुसरं काहीतरी ठेवलं असणार, पण ते फक्त पगारपत्रकात वापरलं जायचं. किटली जमीन मोजायची साखळी धरणारा होता. मोजणीदार दुर्बिणीला डोळा लावून उभे राहायचे आणि किटली साखळीचं टोक घेऊन काट्याकुट्यांतून, ओढ्यांतून, एकदा तर एका रागावलेल्या बैलाच्या अंगावरून पलीकडे जायचा. पाठीला साखळी आणि कमरेला इनॅमलची निळी किटली. माणूस दिसायच्या आधी किटलीचं झाकण वाजायचं. सत्तावीस वर्षं मोजणीदारांनी त्या आवाजामागे किंवा त्या आवाजापुढे पायपीट केली होती.

आणि गेली नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

त्या गुरुवारी संध्याकाळी पुतणी आली. ती त्याच नकाशा कचेरीत कामाला होती. मात्र तिच्या काळात डोंगर चढावा लागत नव्हता, खुर्ची नीट फिरली की काम होत होतं. ती चप्पल काढता काढताच म्हणाली, "काका, तुमचा एक डोंगर बुटका निघालाय."

मोजणीदारांच्या हातातला पेपर जागच्या जागी थांबला. "कुठला?"

"तो धुक्यातला. उत्तरेच्या रांगेतला शेवटचा. जुन्या नकाशावर अकराशे छत्तीस मीटर आहे. आता उपग्रहाने मोजला तर अकराशे पंचवीस भरतोय. बाकी तुमचे सगळे डोंगर मीटर-दीड मीटरच्या फरकात आहेत हो, आमचे साहेब तर चाट पडलेत. हा एकच अकरा मीटरने जास्त. साहेब म्हणाले, छपाईची चूक असणार, काकांना विचार आणि सोमवारपर्यंत दोन ओळी लिहून आण. म्हणजे फाइल बंद करता येईल."

"छपाईची," मोजणीदार म्हणाले.

"तीच ना?"

"चहा घेतेस?" मोजणीदारांनी विचारलं. नऊ वर्षांत त्यांनी कुणाला चहा विचारायची ही पहिलीच वेळ होती. बायकोने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून खात्री करून घेतली.

चहा पिता पिता पुतणी म्हणाली, "अरे हो, बसमध्ये किटलीकाका भेटले होते. रविवारी चाललेत. मुलीकडे, परदेशात. आता कायमचेच म्हणे. दोन्ही गुडघे बदललेत, एकट्याने जिने जमत नाहीत. तुमची चौकशी करत होते."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, साहेबांना जमली का?"

"काय जमली का?"

"ते नाही सांगितलं. म्हणाले, साहेबांना कळेल."

साहेबांना कळलं होतं. ते उठून गॅलरीत गेले आणि शेजाऱ्याच्या कुंपणाकडे बघत उभे राहिले. कुंपण आणखी अर्धा सेंटिमीटर सरकलं होतं, पण त्या दिवशी त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

*

पस्तीस वर्षांपूर्वी त्या डोंगरावर तीन दिवस धुकं होतं.

एरवी डोंगराची उंची दुर्बिणीने काढायची. पण दुर्बिणीतून दिसायला समोर काहीतरी असावं लागतं. तीन दिवस मोजणीदारांना दुर्बिणीतून पांढरं दिसत होतं, आणि दुर्बिणीशिवायही तेच दिसत होतं. अशा वेळेसाठी कचेरीने एक उपाय दिला होता: मखमलीच्या पेटीतला थर्मामीटर. उंचावर पाणी लवकर उकळतं. साधारण तीनशे मीटर चढलं की एक अंश आधी. म्हणजे डोंगरमाथ्यावर बसून पाणी उकळवायचं, ते नेमकं किती अंशाला उकळलं ते बघायचं, आणि आकडेमोड करून उंची लिहायची. ज्या साहेबाने ही युक्ती काढली तो किटलीच्या मते फार थोर माणूस होता. कारण आकडा लिहून झाला की उकळतं पाणी उरायचं. सरकारी पाणी, सरकारी रॉकेल. त्याचं पुढे काय करायचं याबद्दल नियमावली गप्प होती.

किटली त्याची कॉफी करायचा.

त्याचं सगळं सामान एका डब्यात मावायचं. जाडसर दळलेली पूड, डब्याच्या झाकणावर सायकलच्या ट्यूबचा पट्टा. गाळायला कापड. हे कापड म्हणजे नकाशा उतरवून घ्यायचं खळीचं सरकारी कापड. नकाशा रद्द झाला की किटली ते मागून घ्यायचा, तीन दिवस भिजवून खळ काढायचा, आणि खाली निघायचं असं तलम सुती कापड की दुकानात मिळणार नाही. शाई मात्र पुरती जायची नाही. एका नदीचं वळण त्या कापडावर शेवटपर्यंत राहिलं, आणि मोजणीदारांनी सत्तावीस वर्षं त्या नदीतून गाळलेली कॉफी प्यायली. स्टोव्हवरून किटली उतरवायची, उकळी बसू द्यायची, पूड टाकायची, चमच्याने एकदाच ढवळायची, मग वरून चिमूटभर गार पाण्याचा शिपका. गाळ मुकाट्याने खाली बसायचा. दोन पत्र्याचे मग. खेचर बाजूला उभं राहून नाक फुलवायचं. भोवती तंबूच्या ओल्या कापडाचा आणि गवताचा वास, आणि त्यातून वाट काढत तो वास.

तर धुक्याचा तिसरा दिवस. सकाळचे आठ. पाणी दोन तास खाली असलेल्या ओढ्याचं, आणि वर उरलं होतं जेमतेम एक किटलीभर. मोजणीदार थर्मामीटर हातात धरून बसले होते, पण थंडीने हात असा थडथडत होता की पारा एकाच वेळी तीन ठिकाणी दिसत होता. दातांचा आवाज खेचरालाही ऐकू येत असावा, कारण ते वळून बघत होतं. पाणी उकळलं. मोजणीदारांनी वळून वहीत कशीबशी तारीख आणि वार घातला आणि पेटीतून भिंग काढलं. परत बघतात तर किटलीने किटली उतरवून पूड टाकलेली.

"अरे! अरे, मी आकडा घेतला नाही अजून!"

"नाही घेतला?" किटली म्हणाला. "माझी चूक झाली, साहेब. आता काय करायचं?"

त्याच्या चेहऱ्यावर चूक झाल्याची काहीही खूण नव्हती. मोजणीदारांनी ओरडायचं ठरवलं, पण हातात मग आला होता. पहिला घोट झाला की ओरडू असं त्यांनी ठरवलं. मग ते काम दुसऱ्या घोटावर ढकललं. तिसऱ्या घोटाला दात वाजायचे थांबले, बोटं आपली आपल्याला सापडली, आणि धुक्यात कुठेतरी एक पक्षी बोलला. त्यांनी स्वतःचा मग संपवला, मग किटलीने आपला मग त्यांच्यापुढे केला, तोही संपवला. असली कॉफी त्यांनी आधी कधी प्यायली नव्हती आणि नंतर कधी मिळाली नाही.

"आता आकडा?" शेवटी ते म्हणाले.

"खाली जाऊन पाणी आणू का? संध्याकाळपर्यंत येतो."

मोजणीदारांनी त्याच्याकडे पाहिलं. कालपासून तो लंगडत होता. "तुझे गुडघे काय म्हणतात?"

"मागच्या डोंगराला डावा दुखला होता. इथे दोन्ही दुखतायत."

मागचा डोंगर एक हजार नव्वद भरला होता. मोजणीदारांनी बराच विचार केला आणि उजव्या गुडघ्याचे सेहेचाळीस मीटर धरले. अकराशे चाळीस लिहिलं असतं, पण गोल आकड्याचा संशय येतो. छत्तीस कसं मोजल्यासारखं दिसतं. नोंदवहीत आकडा पडला, वहीवरून नकाशात गेला, नकाशावरून शाळेच्या पुस्तकात. एका देशाच्या भूगोलात एका माणसाचा उजवा गुडघा कायमचा बसला, आणि दोघांनी पुढे कधी हा विषय काढला नाही.

काढला तो मोजणीदारांच्या निरोपसमारंभात. कचेरीच्या मोठ्या खोलीत अडतीस खुर्च्या, समोर टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या. मोजणीदार चाळीस मिनिटं बोलले. त्यांनी तीन साहेबांचे आभार मानले, बायकोचे मानले, दुर्बिणीचे आणि तिच्या तिवईचे मानले, आणि एकदा लाथ मारणाऱ्या खेचराचेही मानले. मग छाती थोडी पुढे काढून म्हणाले, "सदतीस वर्षांत न मोजलेला एकही आकडा माझ्या हातून कागदावर गेला नाही."

तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "आणि कॉफीचं काय, साहेब?"

सगळी खोली हसली. भाषण लांबलंय, कॉफी आणा, असा साऱ्यांनी अर्थ घेतला, आणि खरोखरच कॉफी आली. ती वाईट होती. मोजणीदारांनी ती हातात धरली, प्यायली नाही, आणि तिसऱ्या रांगेकडे न बघता घरी गेले. सत्तावीस वर्षांच्या सोबत्याने भरसभेत आपल्याला उघडं पाडलं, एवढंच डोक्यात. दुसऱ्या दिवशी किटली घरी आला तेव्हा त्यांनी बायकोकडून "घरी नाहीत" असं सांगवलं. ते दाराआडच उभे होते, आणि किटलीला त्यांची चप्पल दिसत होती.

पुढच्या आठवड्यात प्रयोग क्रमांक एक सुरू झाला.

*

शुक्रवारी सकाळी मोजणीदार किटलीच्या घरी गेले. खाली चपला शिवणाऱ्याचं दुकान, वर बावीस पायऱ्या. त्यांनी त्या मोजल्या, कारण चढताना दुसरं काही सुचत नव्हतं. दारावर टकटक केली.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"मी म्हणजे... मी."

आत खुर्ची करकरली. मग, "दार उघडंच आहे. असं 'मी' म्हणणारे माझ्या ओळखीचे एकच साहेब आहेत, आणि ते तर घरी नसतात."

खोलीत मधोमध एक मोठी बॅग, बाजूला खुर्चीवर किटली. केस पांढरे, पाय काठीसारखे सरळ पुढे. भिंतीवरचं सगळं काढलेलं, नुसते खिळे. बॅग वजनकाट्यावर ठेवलेली होती. काटा विमानात चालतात तेवढे नेमके तेवीस किलो दाखवत होता, आणि खाली जमिनीवर ती निळी किटली, झाकणासकट.

मोजणीदारांनी बॅगेकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं. "तुझा काटा अर्धा किलो जास्त दाखवतोय."

"कशावरून?"

"रिकामा असताना शून्याच्या पुढे उभा असणार. पाया तिरका आहे बघ." त्यांनी खाली बसून काट्याखाली कागदाची घडी सारली. काटा साडेबावीसवर आला.

"म्हणजे किटली बसेल," किटली म्हणाला. खाली चपलेवर हातोडी पडत होती.

"नऊ वर्षं आणि दोन महिने," किटली म्हणाला.

"मोजत होतास?"

"सवय लावलीत तुम्ही."

वाटेत मोजणीदारांनी चांगली वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही वर आलं नाही. "तू तेव्हा सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतंस," ते म्हणाले. हे त्या वाक्यांतलं नव्हतं.

"काय बोललो मी?"

"कॉफीचं."

"मग?"

"मग म्हणजे? अडतीस माणसांसमोर माझा खोटा आकडा बाहेर काढलास."

किटलीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू दुर्बीण उलट्या बाजूने लावलीय. "आकडा? साहेब, आकड्याचं कोण बोललं? चाळीस मिनिटं मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. आता माझं नाव येईल, मग येईल. तिवईचं आलं. लाकडी तिवई, तिलाही तुम्ही धन्यवाद दिलेत. खेचराचं आलं. खेचराने लाथ मारली होती साहेब, मी कॉफी पाजली होती. म्हटलं, माझं राहू दे, निदान कॉफीचं तरी येऊ दे. म्हणून विचारलं."

मोजणीदार उभे होते ते बॅगेवर बसले. काटा चांगलाच पुढे गेला.

त्यांना आठवलं. भाषणाच्या कागदावर पहिल्या ओळीत किटलीचंच नाव होतं. तिथून कॉफी आली असती, कॉफीवरून तो डोंगर, डोंगरावरून आकडा. म्हणून त्यांनी ती ओळ खोडली होती, आणि मग सोयीसाठी ती खोडल्याचंही विसरले होते.

"तुझं नाव मी खोडलं," ते म्हणाले.

"ते मला तेव्हाच कळलं. का, ते मात्र आज कळतंय."

"आणि तू नऊ वर्षं नुसता..."

"एकदा आलो होतो. चप्पल भेटली."

मोजणीदारांच्या चेहऱ्यावर जे काही झालं ते पाहून किटलीला दया आली असावी, कारण त्याने विषय बदलला. "बरं, जमली का?"

"दोन हजार नऊशे पंधरा वेळा केली. आज सकाळची धरून. शहाण्णव अंशाला केली, पंच्याण्णवला केली. दहा सेकंद थांबलो, वीस थांबलो, चाळीस थांबलो. नाही."

"घरात कुठे होणार ती?"

"मग उद्या चल," मोजणीदार म्हणाले. आपण हे म्हणालो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "आता वरपर्यंत रस्ता झालाय. पुतणीची गाडी आहे. थर्मामीटर माझ्याकडे आहे. खरा आकडा घेऊ, कचेरीला लिहून देऊ, आणि..."

"आणि?"

"आणि पाणी उरेलच."

किटलीने बॅगेतून दोन स्वेटर काढले. "एक घाला उद्या. तुमचे दात मला अजून ऐकू येतात."

*

शनिवारी सकाळी गाडीत चौघं होते: पुढे पुतणी आणि किटली, कारण त्याचे पाय दुमडत नव्हते, मागे मोजणीदार आणि बायको. बायकोच्या मांडीवर चहाचा थर्मास होता. "सावधगिरी म्हणून," ती म्हणाली.

ज्या वाटेला एके काळी अडीच दिवस लागले होते तिला दीड तास लागला. वळणावळणाला मोजणीदार आणि किटली एकाच वेळी बोट दाखवत होते. इथे तंबू उडाला होता. इथे खेचर बसलं ते उठेना. इथे तुम्ही कविता म्हटली होती, साहेब. मी? कविता? चार ओळी, तापात.

शेवटच्या साठ पायऱ्यांना कठडा होता. किटली एकेक पायरी चढत होता, आणि मोजणीदार त्याच्या एक पायरी मागे, दोन्ही हात किंचित पुढे धरून, उंच कपाटावरून काहीतरी पडणार असल्यासारखे.

"काय म्हणतात गुडघे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. हे पोलादी आहेत. यांना डोंगरातलं काही कळत नाही."

धुकं नव्हतं. लख्ख ऊन होतं आणि वारा. माथ्यावर एक चौथरा झाला होता, चौथऱ्यावर दगड, आणि दगडावर पांढऱ्या रंगात, हातभर उंचीच्या अक्षरांत: ११३६ मीटर. एक जोडपं त्या आकड्याशी गाल लावून फोटो काढत होतं. मुलीने बोटांनी छत्तीस करून दाखवायचा प्रयत्न केला आणि ती हसायला लागली. मोजणीदार मान फिरवून दरीकडे बघत राहिले. सदतीस वर्षांत त्यांनी जे शेकडो खरे आकडे लिहिले, त्यांतल्या एकाशीही कुणी गाल लावला नव्हता.

जोडपं गेल्यावर चौथऱ्याच्या आडोशाला किटलीने स्टोव्ह मांडला. पुतणीने आणलेला गॅसचा शेगडीवजा स्टोव्ह त्याने उलटसुलट करून पाहिला, "याला पिनसुद्धा लागत नाही?" असं दुःखाने म्हणाला, आणि पेटवला. निळी किटली वर चढली. मोजणीदारांनी मखमलीची पेटी उघडली. थर्मामीटर, भिंग, जुन्या पद्धतीची नोंदवही आणि पेन, सगळं ओळीने दगडावर ठेवलं.

"काका, मी लिहून घेऊ?" पुतणीने विचारलं.

"नाही. हे मलाच लिहायचंय."

झाकण हळूहळू वाजायला लागलं. बायकोने थर्मास खाली ठेवला. मोजणीदारांनी तो आवाज ऐकला आणि त्यांना क्षणभर वाटलं, मागे वळून पाहिलं तर खेचर असेल.

पाणी उकळलं. किटली मात्र डब्यावर हात घट्ट दाबून बसला होता. "आधी आकडा, साहेब. या वेळी माझी चूक नको."

मोजणीदारांनी थर्मामीटर उचलला. हात अजिबात थरथरत नव्हता. ऊन होतं, भिंग होतं, डोळे ठीक होते. आयुष्यात राहून गेलेला एकमेव आकडा वाफेच्या तोंडाशी उभा होता. त्यांनी किटलीकडे पाहिलं. तो उद्या या वेळी ढगांच्या वर असणार होता, अकरा हजार मीटरवर, जिथे कॉफी कागदाच्या पेल्यात देतात.

त्यांनी थर्मामीटर परत पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

"साहेब?"

"आकडा आकाशातून घेतलाय लोकांनी. उतरव."

किटलीने किटली उतरवली आणि दगडावर ठेवली. पूड टाकली नाही. नुसता मोजणीदारांकडे बघत राहिला.

"आता काय?" मोजणीदारांनी विचारलं.

"आता तुम्ही लिहा."

"काय लिहू?"

"काय म्हणजे? तारीख, वार, वेळ, हवामान. रोज लिहायचात की. मी किटली उतरवली की तुम्ही वही उघडायचात. तुमचं लिहून व्हायचं तोवर उकळी बसायची. तुम्ही पेनाचं टोपण लावलं की मी पूड टाकायचो."

मोजणीदार त्याच्याकडे बघत राहिले. "तेवढाच वेळ?"

"तेवढाच. कधी तुम्ही नुसतं 'धुकं' लिहायचात, कधी ढगांवर निबंध. निबंधाच्या दिवशी कॉफी जास्त मऊ व्हायची."

"आणि त्या दिवशी? इथे?"

"त्या दिवशी तुमच्या बोटांत पेन राहत नव्हतं. एक 'सोमवार' लिहायला तुम्ही जो वेळ घेतलात साहेब, विचारू नका. म्हणून तर तशी झाली."

"मग घरी..."

"घरी तुम्हीच लिहिता आणि तुम्हीच ओतता. कशी होणार? त्याला दोन माणसं लागतात."

बायकोने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, ते मोजणीदारांना त्या बाजूने दिसलं नाही. त्यांनी वही उघडली. पहिल्या ओळीत तारीख घातली. शनिवार. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. हवामान: स्वच्छ, वारा पश्चिमेकडून. मग पेन थांबलं, आणि पुन्हा चालू झालं. या खेपेला ते बराच वेळ चाललं. पुतणी खांद्यावरून वाचत होती, आणि तिचा चेहरा आधी गोंधळला, मग उजळला.

'या शिखराची उंची पस्तीस वर्षांपूर्वी मोजण्यात आलेली नाही. मोजणीसाठी आणलेल्या पाण्याची साखळीधारकाने कॉफी केली. नकाशावरील आकडा त्याच्या गुडघ्यांवरून घेतला होता. छपाईची चूक नाही. अकरा मीटरची जबाबदारी माझी. सदर साखळीधारकाने सत्तावीस वर्षे...'

"साहेब," किटली म्हणाला, "थोडक्यात आटपा. पाणी निवतंय."

"थांब. हे नऊ वर्षांपूर्वीच लिहायचं होतं."

"मग उरलेलं मागच्या पानावर लिहा, कॉफी झाल्यावर."

मोजणीदारांनी टोपण लावलं. त्या बारीक आवाजाबरोबर पूड पाण्यात पडली, चमचा एकदा फिरला, गार पाण्याचा शिपका पडला. किटलीने डब्यातून कापड काढलं. पिवळं पडलेलं, कडा विरलेल्या, आणि मधोमध फिकट निळं एका नदीचं वळण. वाऱ्याने कापड फडफडलं, तेव्हा एक टोक मोजणीदारांनी धरलं आणि एक किटलीने, पूर्वी साखळी धरायचे तसं.

पहिला मग मोजणीदारांचा. त्यांनी एक घोट घेतला. दुसराही घेतला. पुतणी श्वास रोखून उभी होती. किटली मात्र दरीकडे बघत होता, निकाल माहीत असलेल्या माणसासारखा.

"अहो, जमली का?" शेवटी बायकोनेच विचारलं.

मोजणीदारांनी हातातला मग तिच्यापुढे केला. तिने संशयाने वास घेतला आणि एक घोट घेतला. मग तिने थर्मासचं झाकण घट्ट फिरवून तो पिशवीत ठेवला आणि पत्र्याचा मग काही परत केला नाही.

"आमच्या साहेबांना हे असंच देऊ?" पुतणीने वही उचलत विचारलं. "त्यांच्या फॉर्ममध्ये कॉफीला रकाना नाहीये."

"शेऱ्याच्या रकान्यात चालतं," मोजणीदार म्हणाले. "आण इकडे, अजून पुरं नाही झालं." ते दगडाला पाठ टेकून किटलीच्या शेजारी खाली बसले, पान उलटलं, आणि जिथे टोपण लावलं होतं तिथून पुढे लिहायला लागले. किटलीने आपल्या मगातली अर्धी कॉफी न विचारता त्यांच्यासाठी बाजूला ठेवली.